नागपुरात क्रीडा-अर्थशास्त्र आणि क्रीडा-मानसशास्त्राची परिषद भरवताना

क्रीडा-अर्थशास्त्र आणि क्रीडा-मानसशास्त्र या दोन विषयांची एकत्र परिषद घ्यायची ठरली, की आयोजन समितीची पहिली बैठक सभागृह, जेवण आणि प्रमुख पाहुणे एवढ्यातच आटोपते. या गोष्टी लागतातच. पण दोन शाखांचे लोक एकमेकांशी खरोखर बोलतील की आपापल्या खोलीत बसून परत जातील, हेही याच व्यवस्थांवर ठरते. खोल्या किती घ्यायच्या, सत्रांना नावे काय द्यायची, निबंध कोणाकडे तपासायला पाठवायचे, चहा कुठे ठेवायचा, हे सगळे निर्णय वरवर कारकुनी वाटले तरी त्यांचा परिणाम थेट चर्चेवर होतो. म्हणून ते विषय समजणाऱ्या माणसांनी वेळेवर घ्यावेत. पुढील मार्गदर्शन नागपुरातील एखादा विद्यापीठ विभाग किंवा महाविद्यालय सुमारे शंभर ते सव्वाशे सहभागींची, अडीच दिवसांची परिषद भरवणार आहे असे धरून लिहिले आहे.

तारीख

नागपुरात तारीख ठरवताना आधी कोणते दिवस वगळायचे ते पाहावे. १९५३ च्या नागपूर करारापासून चालत आलेल्या परंपरेनुसार विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन येथे डिसेंबरमध्ये भरते. त्या काळात सिव्हिल लाइन्स आणि सीताबर्डी परिसरातील हॉटेले, रविभवन आणि इतर शासकीय विश्रामगृहे आधीच राखून ठेवलेली असतात, मोर्चांमुळे रस्ते वळवले जातात आणि पोलीस बंदोबस्तामुळे पाहुण्यांची गाडी वेळेवर पोहोचेल याची खात्री देता येत नाही. अधिवेशनाचे नेमके दिवस बरेचदा उशिरा जाहीर होतात. त्यामुळे डिसेंबर महिना सरसकट सोडून देणे शहाणपणाचे. दसऱ्याच्या आसपास धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी दीक्षाभूमीवर लाखो अनुयायी येतात आणि रेल्वे, निवास व शहरातील वाहतूक यांवर त्या दिवसांत साहजिकच त्यांचा पहिला हक्क असतो. एप्रिल अखेरीपासून जूनपर्यंत पारा पंचेचाळीसच्या घरात जातो आणि बाहेरगावच्या वयस्कर प्राध्यापकांना त्या उन्हात बोलावणे बरे नाही. पावसाळाही गृहीत धरू नये. सप्टेंबर २०२३ मध्ये एका रात्रीच्या मुसळधार पावसाने अंबाझरी आणि नाग नदीच्या काठचा भाग पाण्याखाली गेला होता.

जानेवारीचा पहिला पंधरवडा बरा वाटतो, परंतु उत्तरेतील धुक्यामुळे दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या आणि विमाने तासन्‌तास खोळंबतात. संक्रांतीला नायलॉन मांजामुळे दुचाकीवरून फिरणे धोक्याचे होते, आणि स्वयंसेवक विद्यार्थी तर दुचाकीवरच असतात. फेब्रुवारीच्या मध्याकडे बारावीच्या परीक्षा जवळ येतात आणि कनिष्ठ महाविद्यालये जोडलेल्या संस्थांच्या खोल्या परीक्षा केंद्रात जातात. हे सारे वजा केले तर प्रजासत्ताक दिनानंतरचा आठवडा ते फेब्रुवारीचा पहिला आठवडा ही सर्वांत सोयीची वेळ उरते. हवा प्रसन्न असते, सभागृहात कूलर लागत नाही आणि युरोपातील अनेक विद्यापीठांचे हिवाळी सत्रही तेव्हा संपत आलेले असते.

याच दिवसांत एक गोष्ट मात्र आवर्जून तपासावी. वर्धा रोडवरील जामठ्याच्या क्रिकेट मैदानावर आंतरराष्ट्रीय सामने याच काळात येतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी आणि ६ फेब्रुवारी २०२५ रोजी इंग्लंडविरुद्धचा एकदिवसीय सामना तेथे झाला. परिषद क्रीडाविषयक आहे म्हणून सामना त्याच आठवड्यात असणे हा योग जुळून आला असे काही सहकाऱ्यांना वाटेल. माझे मत उलट आहे. सामन्याच्या आठवड्यात वर्धा रोडवरील हॉटेलांचे दर चढतात, खोल्या मिळत नाहीत आणि परिषदेतील निम्मी माणसे दुपारनंतर तिकिटाच्या मागे लागतात. क्रिकेट मंडळाचे वेळापत्रक पाहून एक आठवडा मागेपुढे सरकावे. शेवटी पंचांग उघडून लग्नतिथीही पाहून घ्याव्यात, कारण दाट तिथीच्या दिवशी चांगला आचारी, मंडपवाला आणि बस हे तिन्ही एकदम मिळत नाहीत.

जागा

जागेचे दोन पर्याय साधारणपणे समोर येतात. एक म्हणजे शहरातील शैक्षणिक परिसर, अर्थात अमरावती रोडवरील राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचा परिसर, दक्षिण अंबाझरी मार्गावरील व्हीएनआयटी किंवा आसपासची महाविद्यालये. दुसरा म्हणजे शहराच्या दक्षिणेचा मिहान हा नवा औद्योगिक परिसर, जेथे भारतीय व्यवस्थापन संस्थेचे प्रशस्त संकुल आहे. विमानतळ आणि जामठा मिहानपासून जवळ आहेत आणि अशा संकुलात मुक्काम व सत्रे एकाच आवारात होऊ शकतात. मात्र स्थानिक विद्यार्थी आणि शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयांतील अध्यापक तेथे रोज ये-जा करताना दमतात, आणि ही माणसे आली नाहीत तर परिषद नागपुरात घेण्याचे प्रयोजनच उरत नाही. शंभर-सव्वाशे लोकांसाठी मी शहरातील परिसर निवडेन.

मेट्रोने हा प्रश्न बराच सोपा केला आहे. प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर ही ॲक्वा मार्गिका रेल्वे स्थानकाला लागून जाते आणि सीताबर्डीवरून शंकरनगर, एलएडी चौक अशी पश्चिमेला पुढे जाते. ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी ही ऑरेंज मार्गिका तिला सीताबर्डीत छेदते. पाहुण्यांना पाठवायच्या पत्रात एवढे लिहावे की मेट्रोचे स्थानक रेल्वे स्थानकाच्या पूर्वेला, संत्रा मार्केटच्या बाजूला आहे. पश्चिमेच्या मुख्य दारातून बाहेर पडलेला नवखा माणूस सामान घेऊन उगाच वळसा घालत राहतो. विमानतळाच्या नावाचे मेट्रो स्थानकही वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही. त्यामुळे विमानाने येणाऱ्यांसाठी गाडीची सोय आपणच करावी.

सभागृह पाहायला जाताना आसनसंख्येपेक्षा इतर गोष्टींकडे अधिक लक्ष द्यावे. व्यासपीठावर जायला उतार आहे का? पॅरा-खेळाडू किंवा चाकाच्या खुर्चीवरील संशोधक येणार असतील आणि त्यांना चार माणसांनी उचलून वर न्यावे लागले, तर तो त्यांचा अपमान आहे. शेवटच्या रांगेतून पडद्यावरचा बारीक आकड्यांचा तक्ता वाचता येतो का? अर्थशास्त्रज्ञांचे तक्ते बारीकच असतात. संशोधन मांडणाऱ्या भित्तिपत्रकांसाठी (पोस्टरसाठी) चाळीस-पन्नास फलक उभे राहतील अशी, उजेड असलेली जागा सभागृहाच्या दाराजवळ आहे का? जनरेटर सुरू होईपर्यंत प्रोजेक्टर बंद पडत असेल, तर यूपीएसची मागणी त्याच दिवशी लेखी करावी.

निबंध मागवणे

दोन शाखांच्या सवयी येथेच पहिल्यांदा समोरासमोर येतात. अर्थशास्त्रज्ञाला परिषदेसाठी पूर्ण निबंध, निदान त्याचा कच्चा मसुदा, पाठवायची सवय असते. मानसशास्त्रज्ञ अडीचशे-तीनशे शब्दांचा, उद्देश, पद्धत, निष्कर्ष अशा ठराविक भागांत विभागलेला गोषवारा पाठवतो, आणि निबंधाचा मसुदा त्याच्याकडे तेव्हा तयार नसतो. पूर्ण निबंधाची अट घातली तर मानसशास्त्रज्ञ गळतात आणि केवळ गोषवारा मागितला तर अर्थशास्त्रज्ञांना तपासणी ढिली वाटते. त्यामुळे सर्वांकडून चारशे शब्दांपर्यंतचा गोषवारा मागवावा आणि पूर्ण निबंध ऐच्छिक ठेवावा. गोषवाऱ्यात आधारसामग्री कोठून घेतली, नमुना किती मोठा आहे आणि माणसांवर प्रयोग किंवा सर्वेक्षण केले असल्यास नैतिक समितीची मान्यता आहे का, या तीन गोष्टी सर्वांना सक्तीच्या कराव्यात. सामन्यांचे जाहीर आकडे वापरणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाला नैतिक मान्यतेची गरज सहसा पडत नाही, परंतु अठरा वर्षांखालील खेळाडूंची चिंता किंवा आत्मविश्वास मोजणाऱ्या अभ्यासाला पालकांच्या संमतीशिवाय व्यासपीठ देऊ नये.

प्रत्येक गोषवारा दोन परीक्षकांकडे, एक या शाखेचा आणि एक त्या शाखेचा, असा पाठवावा. दुसऱ्या शाखेच्या परीक्षकाला एकच प्रश्न विचारावा: हा निबंध तुम्हाला ऐकावासा वाटतो का, आणि का? या उत्तरांवरूनच पुढे सत्रे बांधता येतात.

वेळेचा हिशेब असा ठेवावा. बारा महिने आधी तारीख आणि सभागृह पक्के करावे, दहा महिने आधी निबंधांसाठी आवाहन करावे, सात महिने आधी मुदत संपवावी आणि सहा महिने आधी स्वीकृती कळवावी. परदेशी पाहुण्यांच्या व्हिसामुळे यात कपात करता येत नाही.

कार्यक्रमपत्रिका

माझ्या मते समितीने सर्वाधिक वेळ येथे द्यावा. सर्वांत सोपी आणि सर्वांत घातक मांडणी म्हणजे एका खोलीत अर्थशास्त्र आणि दुसऱ्या खोलीत मानसशास्त्र. असे केले की दोन परिषदा एकाच मंडपात भरतात आणि जेवणाच्या रांगेपलीकडे कोणाची गाठ पडत नाही. सव्वाशे लोकांसाठी एका वेळी दोनच सत्रे ठेवावीत आणि सत्रांची नावे विषयशाखेवरून न ठेवता प्रश्नावरून ठेवावीत. ‘दबावाखालील निर्णय’, ‘घरच्या मैदानाचा फायदा’, ‘पंचांचे निर्णय’, ‘बक्षीस आणि प्रेरणा’ अशी नावे दिली की दोन्हीकडचे निबंध आपोआप एकत्र येतात.

उदाहरण घ्यायचे तर फुटबॉलमधील पेनल्टी शूटआउटचे घ्यावे. २०१० मध्ये आपेस्तेगिया आणि पालासिओस-ह्युर्ता या अर्थशास्त्रज्ञांनी असे मांडले की नाणेफेकीने पहिली किक मिळालेला संघ सुमारे साठ टक्के वेळा जिंकतो, कारण मागून येणाऱ्यावर पिछाडीचे दडपण येते. २०१२ मध्ये कोखर, लेन्झ आणि झुटर यांनी त्याहून मोठा नमुना तपासला तेव्हा तो फायदा ठळकपणे दिसला नाही. दडपण हा शब्द अर्थशास्त्रज्ञ आकड्यांवरून अनुमानाने वापरतो, तर मानसशास्त्रज्ञाकडे ते मोजण्याची साधने असतात. या विषयावरचे दोन निबंध एकाच सत्रात आले तर दोघांनाही एकमेकांकडून काहीतरी घेऊन जाता येते. ‘हॉट हँड’चा, म्हणजे लागोपाठ यश मिळालेल्या खेळाडूला पुढेही ते मिळत राहते या समजाचा, वाद तर याहून बोधप्रद आहे. गिलोविच, व्हॅलोन आणि त्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये बास्केटबॉलमधील सलग यशाचा समज हा भ्रम असल्याचे सांगितले, आणि २०१८ मध्ये मिलर व सानहुर्हो या अर्थशास्त्रज्ञांनी त्या मोजणीतच निकाल एका बाजूला झुकवणारा एक सूक्ष्म सांख्यिकीय दोष असल्याचे दाखवून तो निष्कर्ष पुन्हा खुला केला. गोल्फमध्ये पोप आणि श्वाइत्झर यांनी २०११ मध्ये पंचवीस लाखांहून अधिक ‘पट’च्या, म्हणजे चेंडू हलकेच खड्ड्यात ढकलण्याच्या फटक्यांच्या, नोंदी पाहून असे दाखवले, की बर्डीसाठीचा (ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी लागावा म्हणूनचा) पट आणि तशाच अंतराचा पारसाठीचा (ठरलेल्या फटक्यांतच आटोपण्यासाठीचा) पट यांत खेळाडू पारचा पट अधिक अचूक मारतात. तोटा टाळण्याची ओढ नफ्याच्या ओढीपेक्षा बलवान असते, या मानसशास्त्रीय कल्पनेची ती प्रत्यक्ष मैदानावरील परीक्षा होती. ‘बक्षीस आणि प्रेरणा’ या सत्रातही असेच जुळवता येते. लेझिअर आणि रोझेन यांचा १९८१ चा स्पर्धा-सिद्धांत सांगतो की क्रमांकांमधील बक्षिसांची दरी वाढली की प्रयत्न वाढतात, तर डेसी यांच्या १९७१ च्या प्रयोगांपासून मानसशास्त्रज्ञ सांगत आले आहेत की पैशाने आतली ओढ कमीही होऊ शकते. हे दोन्ही पक्ष एका टेबलावर बसवणे हेच आयोजकाचे खरे काम आहे.

वेळेच्या बाबतीतही सवयी भिन्न आहेत. अर्थशास्त्राच्या परिसंवादात श्रोते दुसऱ्या स्लाइडलाच हात वर करून मध्ये प्रश्न विचारतात आणि त्यात कोणाला गैर वाटत नाही. मानसशास्त्राच्या परिषदेत वक्ता पंधरा मिनिटे सलग बोलतो आणि प्रश्न शेवटी येतात. ज्याला पहिली पद्धत माहीत नाही, त्या तरुण संशोधिकेला मध्येच आलेले प्रश्न हल्ल्यासारखे वाटतात. म्हणून नियम छापून द्यावा: वीस मिनिटे बोलणे, त्यात अर्थ न समजल्यासच थांबवणे, नंतर पाच मिनिटे दुसऱ्या शाखेच्या चर्चकाचे भाष्य आणि पाच मिनिटे खुले प्रश्न. चर्चकाला निबंध किंवा स्लाइड पंधरा दिवस आधी मिळाल्याच पाहिजेत. सत्राध्यक्षाच्या हाती ‘पाच मिनिटे’ आणि ‘एक मिनिट’ अशी मोठ्या अक्षरांतील पुठ्ठ्याची दोन कार्डे द्यावीत आणि सत्राध्यक्ष असा निवडावा, जो आपल्या गुरुजनांनाही ती कार्डे दाखवील.

एक बारीक बाब छपाईआधी सांभाळावी. अर्थशास्त्रात सहलेखकांची नावे बहुधा वर्णानुक्रमाने येतात, तर मानसशास्त्रात कामाच्या वाट्यानुसार येतात. पत्रिकेत केवळ पहिले नाव देऊन ‘व इतर’ असे छापले, तर अर्थशास्त्राच्या निबंधात ज्याने सर्वाधिक राबून काम केले त्याचेच नाव आडनावाच्या आद्याक्षरामुळे गळते. सर्व नावे छापावीत आणि प्रत्यक्ष बोलणाऱ्याचे नाव ठळक करावे.

उद्घाटनाबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, परिचय, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, चार शुभेच्छापर भाषणे आणि आभार यांत आपल्याकडे पहिली सकाळ जाते, आणि दहाचे बीजभाषण बाराला सुरू होते. परदेशातून आलेला वक्ता तोपर्यंत दोन तास व्यासपीठावर बसून असतो. उद्घाटन चाळीस मिनिटांत संपवावे, हे पाहुण्यांना निमंत्रणातच नम्रपणे कळवावे आणि सत्कार रात्रीच्या जेवणाआधीच्या कार्यक्रमात ठेवावेत. दोन बीजभाषणे पुरेशी आहेत, प्रत्येक शाखेचे एक. प्रत्येकानंतर दुसऱ्या शाखेच्या एका अभ्यासकाने दहा मिनिटे उत्तर द्यावे.

अर्धा दिवस मराठी सत्रासाठी राखावा. विदर्भातील शारीरिक शिक्षण महाविद्यालयांतील अध्यापक आणि प्रशिक्षक यांच्याकडे मैदानावरची निरीक्षणे भरपूर असतात, पण ती इंग्रजी निबंधाच्या साच्यात न बसल्याने परिषदेपर्यंत पोहोचत नाहीत. विषयही दारातच आहे. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशी तीन वेळा रणजी स्पर्धा जिंकली. जो संघ अनेक दशके दुबळा समजला गेला, त्याचे हे परिवर्तन कशामुळे झाले? सुविधा आणि प्रबोधिनीवरील गुंतवणूक, बाहेरून आणलेले व्यावसायिक खेळाडू व प्रशिक्षक की ड्रेसिंग रूममधील बदललेली मानसिकता, हा प्रश्न दोन्ही शाखांनी मिळून विचारण्याजोगा आहे. नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये बातुमी येथे कोनेरू हंपीविरुद्ध जलद डावांच्या टायब्रेकमध्ये जिंकून महिला बुद्धिबळ विश्वचषक विजेती आणि ग्रँडमास्टर झाली. मुलांना बुद्धिबळात वाढवताना मध्यमवर्गीय कुटुंबांना प्रवास आणि प्रशिक्षणासाठी काय खर्च सोसावा लागतो आणि घड्याळाच्या दबावाखाली निर्णय कसे घेतले जातात, या दोन्ही बाजूंनी येथे चांगली चर्चा घडवता येईल.

खेळाडूंचे सत्र

खेळाडूंना बोलावणार असाल तर त्यांना शोभेसाठी बोलावू नये. त्यांच्या सरावाचे वेळापत्रक विचारून वेळ ठरवावी, प्रवासखर्च रोख हातात ठेवण्याऐवजी आधीच बँकेत जमा करावा आणि विचारायचे प्रश्न आठवडाभर आधी पाठवावेत. पराभव, दुखापत किंवा संघातून वगळले जाणे यांविषयीचे प्रश्न खेळाडूची संमती असेल तरच घ्यावेत, आणि सूत्रसंचालन प्रशिक्षित क्रीडा-मानसशास्त्रज्ञाकडे द्यावे. सभागृहात कोणी प्रश्नावली वाटून खेळाडूंकडून माहिती गोळा करू लागल्यास स्वयंसेवकांनी ती थांबवावी. मुलामुलींची छायाचित्रे पालकांच्या लेखी संमतीशिवाय कुठेही टाकू नयेत.

परवानग्या आणि पैसा

परदेशी सहभागींना परिषदेसाठीचाच व्हिसा लागतो. पर्यटक व्हिसावर येऊन निबंध वाचणे नियमात बसत नाही. परदेशी सहभाग असलेल्या परिषदेसाठी आयोजक संस्थेने केंद्रीय गृह मंत्रालयाच्या पोर्टलवर नोंद करून मंजुरी घ्यावी, परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय मंजुरी मिळवावी आणि त्यांच्या प्रती निमंत्रणपत्रासोबत पाहुण्यांना पाठवाव्यात. काही देशांच्या नागरिकांसाठी याहून अधिक तपासणी असते, म्हणून सहभागींची यादी राष्ट्रीयत्वासह लवकर तयार करावी. परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांच्या आत त्याच्या मुक्कामाची नोंद ऑनलाइन करावी लागते. हॉटेलवाले ते करतातच, पण पाहुणा विद्यापीठाच्या अतिथिगृहात राहिला तर ती जबाबदारी अतिथिगृहाची असते आणि तेथील व्यवस्थापकाला ते ठाऊक असेलच असे धरून चालू नये.

निधीसाठी भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेकडे अर्ज करता येतो, आणि दोन शाखांचा विषय असल्याने अर्जात दोन्ही विभागांच्या प्राध्यापकांची नावे असावीत. परदेशी संस्था प्रायोजकत्व देऊ करत असेल तर परदेशी अंशदानाच्या कायद्याचा प्रश्न येतो. संस्थेची त्याखालील नोंदणी नसेल तर ती रक्कम स्वीकारू नये. नोंदणी शुल्कावर जीएसटी लागतो का आणि वक्त्यांच्या मानधनातून किती कर कापायचा, हे संस्थेच्या लेखाधिकाऱ्याकडून सुरुवातीलाच लेखी घ्यावे. क्रीडाविषयक परिषदांना पूर्वी फँटसी खेळांच्या कंपन्या सहज पैसा देत. ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी आली आहे, त्यामुळे त्यांचा फलक मंडपात लावता येणार नाही. सट्ट्याचे वर्तन हा ज्या परिषदेचा अभ्यासविषय आहे, तिने तो पैसा एरवीही घेऊ नये असे मला वाटते.

मुक्काम आणि जेवण

रामदासपेठ, धंतोली आणि सीताबर्डी या भागांत सर्व दरांची हॉटेले मिळतात. संशोधक विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहातील खोल्या घ्याव्यात आणि गादी, पांघरूण, गरम पाणी यांची आदल्या दिवशी प्रत्यक्ष पाहणी करावी. जानेवारी अखेरीस नागपुरात पहाटे चांगलीच थंडी असते आणि केरळ किंवा चेन्नईहून आलेले विद्यार्थी तयारीने आलेले नसतात.

नाश्त्याला तर्री पोहे ठेवायचेच, मात्र तर्री वेगळ्या भांड्यात आणि तिच्यावर तिखटाची सूचना असलेली चिठ्ठी, असा बेत असावा. परदेशी पाहुण्यासाठी तर्रीविना पोहे, वर चणे आणि लिंबाची फोड पुरेशी आहे. सावजी जेवण हे येथले वैशिष्ट्य आहे. ते एका रात्री, ऐच्छिक आणि वेगळ्या मेजावर ठेवावे, दुसऱ्या दिवशी सकाळी ज्याला बोलायचे आहे त्याला आग्रह करू नये. वडाभात आणि पाटोडीचा रस्सा शाकाहारी पाहुण्यांना मनापासून आवडतात. प्रत्येक पदार्थासमोर नाव, शाकाहारी की मांसाहारी, आणि त्यात शेंगदाणा आहे का, एवढे लिहिलेले असावे. जैन पद्धतीच्या जेवणाची संख्या नोंदणी अर्जातच विचारावी. पुष्पगुच्छांऐवजी संत्र्यांची छोटी टोपली द्यावी. मृग बहाराची फळे त्या सुमारास बाजारात येऊ लागतात.

चहा सत्रांच्या दोन्ही खोल्यांमध्ये वेगवेगळा न ठेवता मधल्या एकाच जागी, भित्तिपत्रकांच्या फलकांमध्ये ठेवावा आणि सुटी पंधरा नव्हे, तीस मिनिटांची करावी. भित्तिपत्रकांसमोर उभे राहून, हातात कप घेऊन झालेली विचारपूस ही विद्यार्थ्यांच्या दृष्टीने परिषदेतील सर्वांत मोलाची वेळ असते.

ऑनलाइन सहभाग

ऑनलाइन वक्ते मोजकेच घ्यावेत आणि त्यांना घड्याळ पाहून वेळ द्यावी. आपल्याकडे दुपारचे तीन वाजलेले असतात तेव्हा हिवाळ्यात लंडनमध्ये सकाळचे साडेनऊ आणि बर्लिनमध्ये साडेदहा झालेले असतात. न्यूयॉर्कमध्ये मात्र पहाटेचे साडेचार असतात, म्हणून अमेरिकेतील वक्त्याला संध्याकाळी साडेसातचे सत्र द्यावे. ध्वनिमुद्रित भाषण तयार ठेवावे, पण प्रश्नांसाठी वक्ता प्रत्यक्ष उपस्थित असणे सक्तीचे करावे. पाहुण्यांसाठी वाय-फायचे पासवर्ड ओळखपत्राच्या मागे छापावेत.

परिषदेनंतर

उपस्थितीची प्रमाणपत्रे शेवटच्या सत्रानंतरच द्यावीत. ती दुपारच्या जेवणाआधी वाटली तर दुपारी सभागृह रिकामे होते. निबंधांचे संकलन काढण्याची घाई करू नये, कारण संकलनात छापलेला निबंध नंतर नामवंत नियतकालिक स्वीकारेलच असे नाही. लेखकांना विचारून केवळ गोषवाऱ्यांची पुस्तिका काढणे अधिक हिताचे आहे. जामठ्याची भेट ठरवली असेल तर ती शेवटच्या दिवशी दुपारी, क्रिकेट संघटनेची लेखी परवानगी घेऊन आणि विमानाच्या वेळा पाहून ठेवावी, म्हणजे तेथूनच पाहुण्यांना विमानतळावर सोडता येते. अनुदान घेतले असल्यास उपयोगिता प्रमाणपत्र आणि लेखापरीक्षित हिशेब दिलेल्या मुदतीत पाठवावेत. त्यासाठी प्रत्येक पावती परिषदेच्या दिवसांतच क्रमांक घालून एका फाइलमध्ये लावणारा एक स्वतंत्र माणूस नेमावा, आणि त्याच्याकडे त्या दिवसांत दुसरे कोणतेही काम देऊ नये.